नातेवाईक परदेशात असतील तर व्हिसाच्या अर्जात काय लिहावे?

जालन्याच्या मस्तगड भागातील एक वाचक मध्यंतरी आम्हाला भेटावयास आले. त्यांचे ग्रिल-शटरचे छोटेसे वर्कशॉप आहे. थोरला भाऊ शिकागोला स्थायिक झालेला असून त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आहे. त्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे. लग्नाला जावे आणि त्याच सुमारास तेथे भरणारे यंत्रांचे प्रदर्शनही पाहून यावे, असा त्यांचा विचार. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो पर्यटक म्हणून गेला आणि मुदत संपूनही परतला नाही.

मुंबईच्या एका एजंटाने त्यांना सांगितले, "अमेरिकेत कोणीही नाही, असे लिहू. प्रदर्शनाला चाललो एवढेच सांगा. भावांची नावे लिहिलीत तर व्हिसा गेलाच समजा." आमच्या पाहुण्यांचा प्रश्न सरळ होता : "असे लिहू काय?"

आम्ही त्यांना नको म्हणून सांगितले. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मराठवाड्यातील अनेक व्यापारी व कारागीर कुटुंबांत कोणी आखातात, कोणी इंग्लंडात, तर कोणी अमेरिका-कॅनडात आहे. म्हणून या विषयाची माहिती येथे सविस्तर देत आहोत.

आखाताचा अनुभव येथे चालत नाही

आपल्याकडे परदेश म्हटले की प्रथम आखात आठवते. सौदी अरेबियात मुलगा नोकरीला असेल तर त्याच्या इकाम्यावर आई-वडिलांचा भेटीचा व्हिसा निघतो. इकामा चालू असला पाहिजे, नाते सिद्ध झाले पाहिजे, की काम होते. म्हणजे तेथे नातेवाईक हाच व्हिसाचा आधार असतो.

अमेरिकेचे गणित वेगळे आहे. तेथील कायद्याचे कलम २१४(ब) असे मानून चालते की, तात्पुरत्या भेटीसाठी अर्ज करणारा माणूस मुळात कायमचा राहावयास येत आहे. तसे नाही हे दाखविण्याची जबाबदारी अर्जदाराची. नातेवाईकांचे आमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी ही भेटीच्या व्हिसासाठी सक्तीची नाही आणि तेवढ्यावर व्हिसा मिळतही नाही. भावाने कितीही सुंदर पत्र पाठविले, तरी अधिकारी पाहतो ते अर्जदाराचे इकडचे बस्तान.

यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की, नातेवाईक दाखविणेच धोक्याचे. येथेच चूक होते. तेथे भाऊ असणे हा अपराध नाही. लाखो लोकांचे भाऊ-बहिणी तेथे आहेत आणि त्यांना भेटून लोक परतही येतात. अधिकाऱ्याच्या लेखी ती विचारात घेण्याची एक बाब आहे. भाऊ लपविणे मात्र अपराधात मोडते.

अर्जात नेमके काय विचारतात?

अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा अर्ज संगणकावर भरावा लागतो. त्यातील नातेवाइकांविषयीचे प्रश्न पायरीपायरीने येतात.

पहिला प्रश्न वडील व आई यांच्याविषयी असतो. नाव, जन्मतारीख आणि ते अमेरिकेत आहेत काय, असल्यास कोणत्या दर्जाने. दुसरा प्रश्न आई-वडील सोडून जवळच्या नातेवाइकांविषयी. यात पती किंवा पत्नी, वाग्दत्त वर किंवा वधू, मुले आणि भाऊ-बहिणी येतात. येथे प्रत्येकाचे नाव, नाते आणि दर्जा लिहावा लागतो. जवळचे कोणी नसल्यास, इतर कोणी नातेवाईक अमेरिकेत आहेत काय, असे विचारले जाते.

'भाऊ' या शब्दावरून आपल्याकडे गोंधळ होतो. आपण चुलत, मामे, मावस अशा सगळ्यांनाच भाऊ म्हणतो, आणि ओळखीच्या वडीलधाऱ्यालाही भाईजान म्हणतो. अर्जातील भाऊ म्हणजे आई-वडिलांचा मुलगा. सावत्र भाऊही सांगावा. चुलत-मावस भाऊ 'इतर नातेवाईक' या प्रश्नात येतात. शेजारी, मित्र किंवा गाववाला यांना नातेवाईक म्हणून दाखविण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न अनेकांच्या नजरेतून सुटतो. तुमच्या वतीने कोणी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे कायम रहिवासाचा अर्ज कधी दाखल केला आहे काय? अमेरिकेचा नागरिक आपल्या भावा-बहिणीसाठी असा अर्ज करू शकतो. भारतीयांसाठी या वर्गाची रांग १५ वर्षांहून अधिक लांबलेली आहे. इतक्या वर्षांत अर्ज केल्याचे घरच्यांना आठवतही नाही.

आम्ही आमच्या पाहुण्यांना शिकागोला फोन करावयास सांगितले. थोरल्या भावाने शांतपणे उत्तर दिले, "केलाय ना, नऊ वर्षं झाली. तुझा जन्मदाखला मागवला होता, विसरलास?" म्हणजे 'अमेरिकेत कोणीही नाही' असे लिहिले असते, तर त्यांच्याच जन्मदाखल्यासह भावाचे नाव सरकारी दप्तरात आधीपासून पडून होते. असा अर्ज झालेला असताना भेटीचा व्हिसा मिळत नाही, असे नाही. अधिकारी अधिक कसून चौकशी करतो हे मात्र खरे.

दर्जाचे चार रकाने

नातेवाइकाचा दर्जा लिहिताना चार पर्याय असतात. त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा.

१) अमेरिकेचा नागरिक : ज्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे किंवा मिळू शकतो असा.

२) कायदेशीर कायम रहिवासी : म्हणजे ग्रीन कार्डधारक. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'भाऊ तिकडचा झाला' एवढ्यावरून नागरिक असे लिहू नये, त्याला विचारून घ्यावे.

३) तात्पुरत्या व्हिसावरील : शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी, नोकरीसाठी एच-१बी वर गेलेला इंजिनिअर, त्याची पत्नी, किंवा सध्या भेटीसाठी गेलेला माणूस.

४) इतर अथवा माहीत नाही : वरील तिन्हींत न बसणारा, किंवा ज्याचा दर्जा अर्जदाराला खरोखर ठाऊक नाही असा.

चौथा रकाना प्रामाणिक माणसासाठी ठेवलेला आहे. दूरच्या नातेवाइकाचे कागद काय आहेत हे आपल्याला माहीत नसणे स्वाभाविक आहे. पण सख्ख्या भावाबद्दल सर्व माहीत असताना 'माहीत नाही' म्हणून वेळ मारून नेऊ नये. त्याचा व्हिसा संपला आहे हे ठाऊक असेल तर तो 'इतर' या अर्थाने याच रकान्यात बसतो. मुलाखतीत विचारल्यास तसेच सांगावे.

मुदत संपून राहिलेल्या भावाचे काय?

हा सर्वांत नाजूक भाग आहे. आमच्या पाहुण्यांना स्वतःच्या व्हिसापेक्षा धाकट्या भावाची काळजी अधिक होती. "माझ्या अर्जामुळे तो पकडला गेला तर?" असे ते वारंवार म्हणत होते.

खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. अर्जात नातेवाइकाचे नाव, नाते आणि दर्जा विचारतात. त्याच्या घरी उतरणार असाल तर त्याचा पत्ताही लिहावा लागतो. व्हिसाची कागदपत्रे कायद्याने गोपनीय असतात, ती बाहेरच्या कोणाला दाखविली जात नाहीत. मात्र इमिग्रेशनचे व इतर कायदे राबविण्यासाठी सरकार ती वापरू शकते. म्हणून 'काहीच होणार नाही' अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

अशा वेळी दोनच सरळ रस्ते आहेत. एक, भावाशी आधी बोलावे, आणि शक्य असल्यास त्याने तेथील इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. मग अर्ज खरा भरावा. दुसरा, भावाला धोका आहे असे वाटत असेल, तर तूर्त अर्जच करू नये. अर्ज न करणे हा कोणताही गुन्हा नाही. अर्ज करून खोटे लिहिणे हा तिसरा रस्ता दिसतो खरा, पण त्यात भाऊ वाचत नाही आणि आपणही बुडतो.

धाकट्या भावाला फोन लावला तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझं नाव लिहा. तुम्ही अडकलात तर तिकडे अम्मीला कोण पाहणार?"

मुदतीविषयी एक गोष्ट प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावी. पासपोर्टवरील व्हिसाची तारीख ही त्या देशात राहण्याची मुदत नव्हे. अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ या नोंदीत जी तारीख पडते, ती राहण्याची मुदत. ती ओलांडून १८० दिवसांहून अधिक राहून परतणाऱ्यास ३ वर्षे, आणि १ वर्ष वा अधिक राहून परतणाऱ्यास १० वर्षे पुन्हा प्रवेश नाही. अनेक जण या भीतीनेच परतत नाहीत आणि तेथे अडकून पडतात. घरच्या माणसाचे जनाजे येथून उठतात आणि ते फोनवर रडतात.

खोटे लिहिण्याची किंमत

येथे दोन नुकसानांची तुलना करून पाहावी. आपण व्यापारी माणसे आहोत, हा हिशेब आपल्याला जमतो.

खरे लिहिले आणि अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर कलम २१४(ब) खाली अर्ज नामंजूर होतो. १८५ डॉलर फी जाते, ती परत मिळत नाही. पण ही नामंजुरी कायमची नसते. परिस्थिती बदलली, धंदा वाढला, की नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो.

जाणूनबुजून खोटे लिहिले, ते महत्त्वाच्या बाबीविषयी होते आणि ते उघडकीस आले, तर कलम २१२(अ)(६)(क) लागते. ही बंदी जन्मभराची असते. तात्पुरत्या व्हिसासाठी विशेष माफी मागता येते, परंतु ती देणे न देणे सरकारच्या मर्जीवर असते. कायम रहिवासाच्या वेळी तर अट अधिक कडक आहे. माफीसाठी पती, पत्नी, आई किंवा वडील यांपैकी कोणी तेथील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. भाऊ नागरिक असून उपयोग नाही. म्हणजे ज्या भावाने नऊ वर्षांपूर्वी अर्ज करून रांगेत नंबर लावला, त्याच भावाला नाकारल्यामुळे तो नंबर मातीमोल होण्याची वेळ येते.

खोटे उघडकीस कसे येते, असे कोणी विचारील. भावाच्या जुन्या व्हिसा अर्जात आई-वडिलांची नावे असतात, तीच आपल्याही अर्जात असतात. रहिवासाच्या अर्जाला जन्मदाखले जोडलेले असतात. २०१९ पासून डीएस-१६० मध्ये मागील ५ वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावेही लिहावी लागतात, आणि ईदचे फोटो तेथे सर्वांना दिसतात. मुंबईच्या मुलाखतीतून सुटलेला माणूस तेथील विमानतळावर पुन्हा त्याच प्रश्नाला सामोरा जातो. तिकडे फोन तपासला गेला आणि त्यात भावाचे निरोप सापडले, तर परतीचे विमान पकडावे लागते.

एजंट लिहितो, सही तुमची असते

'एजंटाने भरले, मला काय माहीत' ही सबब चालत नाही. डीएस-१६० मध्ये अर्ज भरण्यास कोणी मदत केली काय असा प्रश्न असतो आणि मदतनिसाचे नाव द्यावे लागते. मदत घेतली तरी शेवटची संगणकीय सही अर्जदाराने स्वतः करावयाची असते. सही करण्यापूर्वी संपूर्ण अर्ज वाचून घ्यावा. इंग्रजी येत नसेल तर मुलाकडून, भाच्याकडून एकेक ओळ समजून घ्यावी.

एजंटांवर नजर आहे, हेही ध्यानात असू द्यावे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या दूतावासाने भारतातील सुमारे २,००० मुलाखतीच्या वेळा, त्या यंत्रांच्या साहाय्याने गैरमार्गाने घेतल्याचे सांगून, रद्द केल्या.

नावांच्या स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे. एकाच घरात शेख, सय्यद, मोहम्मद यांचे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेले आढळते. कोणाच्या पासपोर्टवर आडनावच नसते. भावाचे नाव त्याच्या पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे, घरचे नाव लिहू नये.

चूक झाली असेल तर

अर्ज पाठविल्यावर चूक लक्षात आली, तर घाबरून गप्प बसू नये. मुलाखतीपूर्वी नवा अर्ज भरून चूक सुधारता येते. नव्या अर्जाचा क्रमांक अपॉइंटमेंटमध्येही बदलून घ्यावा. तेवढा वेळ नसेल तर खिडकीपाशी गेल्याबरोबर, अधिकाऱ्याने विचारण्याआधी, स्वतःहून सांगावे. स्वतःहून वेळेत दुरुस्त केलेली गोष्ट आणि पकडल्यावर दिलेली कबुली यांत कायदा फरक करतो. पूर्वीच्या एखाद्या अर्जात खोटे लिहिले गेले असेल, तर पुढचा अर्ज करण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

इंग्लंड आणि कॅनडा

इंग्लंडच्या भेटीच्या व्हिसात साधारणपणे ६ महिन्यांपर्यंत राहता येते. तेथील अर्जातही तुमचे कुटुंबीय इंग्लंडात आहेत काय आणि त्यांचा तेथे राहण्याचा आधार काय, हे विचारतात. खोटी माहिती दिल्यास, अर्जदाराला ती खोटी असल्याचे माहीत नसले तरीही, अर्ज नाकारता येतो. अर्जदाराने फसवणूक केल्याचे ठरले तर पुढील १० वर्षांचे अर्ज नाकारले जातात. नातेवाइकांना भेटण्यासाठी जाणाऱ्यांना पूर्वी नामंजुरीविरुद्ध अपील करता येत असे. ती सोय जून २०१३ मध्ये बंद झाली.

कॅनडा कुटुंबाच्या माहितीचा अर्ज भरून घेतो. तेथील कायद्याच्या कलम ४० खाली खोटे सांगणे आणि महत्त्वाची गोष्ट दडविणे, दोन्हींसाठी ५ वर्षांची बंदी आहे. ही मुदत पूर्वी २ वर्षे होती, २०१४ मध्ये ती वाढविण्यात आली.

कराचीच्या नातेवाइकांचे काय?

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या उलथापालथीत मराठवाड्यातील काही कुटुंबांच्या शाखा कराचीला गेल्या. अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या अर्जात ही माहिती द्यावी लागते काय, असे अनेक जण भीतभीत विचारतात. त्या अर्जांतील वरील प्रश्न त्या त्या देशात राहणाऱ्या नातेवाइकांविषयी आहेत. जे विचारले नाही ते आपणहून लिहिण्याची गरज नाही. जे विचारले ते दडवू नये.

उलट दिशेने येणाऱ्यांना मात्र हा प्रश्न सरळ विचारला जातो. भारताच्या व्हिसाच्या अर्जात, अर्जदाराचे आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते काय, असे विचारतात. लंडनचा मेव्हणा ब्रिटिश पासपोर्टवर येत असला, पण त्याचे वडील पाकिस्तानी असले, तर त्याला ई-व्हिसा मिळत नाही. त्याला नेहमीच्या पद्धतीने अर्ज करावा लागतो आणि वेळही अधिक लागतो. घरात लग्नाची तारीख काढण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

मुलाखतीला जाताना

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत काही मिनिटांत संपते. कागदांची थैली मोठी असली तरी अधिकारी बहुधा प्रश्नच विचारतो. तरीही आयकर विवरणपत्रे, जीएसटी व उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना, चालू खात्याचा उतारा आणि घर-जागेचे कागद जवळ असावेत. धंदा, आई-वडील, बायको-मुले, कामावरची माणसे, ही आपल्या परतण्याची खरी हमी होय.

उत्तरे थोडक्यात द्यावीत. लग्नाला चाललो असे विचारल्याबरोबर सांगावे. प्रदर्शनही पाहणार असाल तर तेही सांगावे. बी-१/बी-२ हा व्हिसा धंद्याची भेट व कौटुंबिक भेट या दोन्हींसाठी असतो, एक सांगून दुसरे लपविण्याचे कारण नाही. वर्कशॉप इतके दिवस कोण सांभाळणार, याचे उत्तर तयार ठेवावे. घरातून दोघे जात असतील तर दोघांची उत्तरे एकच असावीत, आणि खरे सांगितले की ती आपोआप एकच येतात.

आमच्या पाहुण्यांनी एजंटाचा अर्ज रद्द करून नवा अर्ज भरला. दोन्ही भावांची नावे लिहिली, थोरल्याने केलेला जुना अर्जही नमूद केला. त्यांची मुलाखत अजून व्हावयाची आहे. व्हिसा मिळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही, त्यांनाही ठाऊक नाही. नाही मिळाला तर लग्न फोनवर पाहू, असे ते म्हणतात. पण पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करण्याचा रस्ता त्यांनी आपल्या हाताने बंद केलेला नाही. दुकानाच्या वहीत जशी एकच बाकी असते, तसे अर्जात आणि तोंडात एकच उत्तर ठेवावे, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे.